टॅक्स माफ झाला म्हणून धर्म ठरतो का?

एकांनी लिहिलंय की अमेरिकेत सायंटॉलॉजीला (एल. रॉन हबर्ड या अमेरिकन लेखकानं काढलेला पंथ) टॅक्स माफ आहे म्हणजे तो धर्मच, विषय संपला. मला नाही पटत. १९९३ला तिथल्या टॅक्स खात्यानं सूट दिली हे खरं, पण त्याआधी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालू होते आणि टॅक्सवाल्यांचं काम हिशोब बघायचं, श्रद्धा तपासायचं नाही. ब्रिटनमध्ये २०१३ला सुप्रीम कोर्टानं त्यांच्या चॅपलमध्ये लग्न लावायला वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये त्यांना झालेली संघटित फसवणुकीची शिक्षा वरच्या कोर्टात कायम झाली, आता बोला.

मला खटकतो तो पैसा. ऑडिटिंगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रश्नोत्तराच्या बैठकीत, माणसाच्या दोन्ही हातात धातूचे डबे देतात, त्याला जोडलेल्या ई-मीटर नावाच्या यंत्राचा काटा हलेल तसं जुन्या आठवणी उकरून प्रश्न विचारत जातात, पायरीपायरीला पैसे भरायचे आणि वरच्या पायरीची शिकवण खालच्याला सांगतच नाहीत. आपल्या सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या गड्डा जत्रेच्या टायमाला नंदीध्वज निघतात, कुणीबी रस्त्यात उभारून बघतंय, त्या संताची वचनं कुणीबी वाचावीत. देणगी आपल्याकडंबी घेतात की, पण न देणाऱ्यापासून शिकवण लपवत नाहीत.

तरी मानणाऱ्यांची श्रद्धा खोटी असं मी म्हणणार नाही. लिंगायत वेगळा धर्म का नाही यावरनं इथं घराघरात वाद झालेत, कुणाचा धर्म काय हे सरकारनं ठरवावं हे मला तेव्हाबी पटलं नव्हतं. फक्त, सायंटॉलॉजीतून बाहेर पडलं की घरच्यांशी बोलणं तोडायला लावतात असं जुने सदस्य सांगतात, त्याची चौकशी धर्माचं नाव पुढं करून थांबवू नये.