मदत हवी आहे: अमेरिकेतील शिक्षिकेचे जुने शैक्षणिक कर्ज एकत्र करावे की वेगळे ठेवावे?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीतील एका सरकारी शाळेत २०१८ पासून विशेष मुलांना शिकवते. माझ्यावर दोन प्रकारची फेडरल कर्जे आहेत. २००८ मध्ये पदवीसाठी घेतलेल्या एफएफईएल कर्जाचे (बँकेने दिलेले, पण सरकारी हमी असलेले जुने कर्ज) सुमारे १२,००० डॉलर बाकी आहेत आणि २०१६ ते २०१८ मध्ये मास्टर्ससाठी घेतलेल्या डायरेक्ट कर्जांचे (सरकारने थेट दिलेली) सुमारे ३८,०००.

सरकारी किंवा पात्र ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत १२० पात्र हप्ते भरले की पीएसएलएफ या सार्वजनिक सेवेतील लोकांसाठीच्या कर्जमाफी योजनेखाली उरलेले कर्ज माफ होते आणि त्या माफीवर फेडरल करही लागत नाही. मात्र ही सवलत फक्त डायरेक्ट कर्जांना आहे. त्यामुळे डायरेक्ट कर्जांचे ६६ हप्ते मोजले गेले, तर एफएफईएलचे, नेमाने भरूनही, शून्य. ३० जून २०२४ पर्यंत एकत्रीकरणाचा, म्हणजे जुने कर्ज नव्या डायरेक्ट कर्जात बदलून घेण्याचा, अर्ज केला असता, तर जुने महिनेही मोजून घेता आले असते. पण हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने "एकत्र केले की मोजणी शून्यापासून" असे फोनवर सांगितल्यामुळे मी थांबले. तो नियम तेव्हा बदललेला होता, हे नंतर कळले. असो.

आता पेच असा आहे. सगळी कर्जे एकत्र केली, तर मोजणी रकमेच्या प्रमाणात सरासरीने धरली जाते. म्हणजे माझ्या हिशेबाने ६६ चे जेमतेम ५० होतात. हा हिशेब बरोबर आहे का? त्यापेक्षा एकट्या एफएफईएलचे डायरेक्ट एकत्रीकरण करून त्याचे १२० स्वतंत्रपणे मोजू द्यावेत आणि बाकीच्या कर्जांना हात लावू नये, असे मला वाटते. परंतु १ जुलै २०२६ रोजी किंवा त्यानंतर मिळालेल्या एकत्रीकरण कर्जाला आयबीआर (उत्पन्नानुसार हप्ता ठरवणारी जुनी योजना) मिळत नाही. तशीच उत्पन्नावर आधारलेली नवी रॅप योजना किंवा ठराविक हप्त्यांची योजना एवढेच पर्याय उरतात. रॅपमध्ये माझ्या ६२,००० डॉलर उत्पन्नावर सहा टक्के, म्हणजे महिना ३१० डॉलर, आणि मुलीमागे ५० ची सूट, असा २६० चा हप्ता बसतो. केवळ १२,००० च्या कर्जासाठी ही वाट धरणे शहाणपणाचे आहे का, की ते सरळ फेडून टाकावे?

दुसरे असे की, उत्पन्नावर आधारलेली माझी सेव्ह योजना न्यायालयात अडकल्याने ऑगस्ट २०२४ पासून माझे हप्ते स्थगित झाले आणि ते महिने मोजणीत धरले जात नाहीत. आयबीआरकडे वळायचे, तर माझे पहिले कर्ज २०१४ पूर्वीचे असल्याने हप्ता गरजेपुरते उत्पन्न वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या १५ टक्के बसतो. पतीसह एकत्र आयकर विवरणपत्र भरले तर हप्ता ठरवताना त्यांचाही पगार धरला जातो, आणि वेगळे भरले तर कर्जाच्या व्याजाची वजावट बुडते. वेगळे विवरणपत्र भरणाऱ्या कोणाला वर्षाअखेरीस खरोखर फायदा झाला का?

खाजगी बँकेकडून रीफायनान्स करण्याचा विचार नाही, कारण मग माफीचा हक्कच उरत नाही. फक्त जुनेच कर्ज एकत्र केलेल्या कोणा शिक्षकाने किंवा परिचारिकेने, त्यानंतर उरलेल्या कर्जांची मोजणी तशीच राहिली का, एवढे कळवले तरी उपकार होतील.