शेवट ठाऊक असूनही वाचलेली प्रेमकथा : अनुभव धागा

प्रेमकादंबरी हातात घेताना नायक-नायिका अखेरीस एकत्र येणार, हे मला पहिल्या पानापासून ठाऊक असते. १९८० मध्ये स्थापन झालेल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेने तर या प्रकाराची व्याख्याच दोन अटींवर उभी केली : कथेच्या केंद्रस्थानी प्रेम असावे, आणि शेवट समाधान देणारा व आशादायक असावा. त्यामुळे शेवटाबद्दल माझी तक्रार नाही. माझे पुस्तक मिटते ते साधारण तीन-चतुर्थांश मजकूर संपल्यावर, जेव्हा पन्नास शब्दांच्या बोलण्याने सुटू शकणारा गैरसमज लेखिका सत्तर पाने ताणत नेते. तुम्ही ही पुस्तके कशासाठी वाचता आणि नेमकी कुठे मिटता, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. 'असले काही मी वाचत नाही' एवढेच सांगायचे असेल, तर कृपया तसदी घेऊ नये.

रात्रपाळीची परिचारिका

लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या 'मिल्स अँड बून' या प्रकाशनाची डॉक्टर-परिचारिकांच्या प्रेमकथांची स्वतंत्र मालिका आहे, आणि ती वाचते म्हणून माझे सहकारी मला चिडवतात. त्यांचे चुकत नाही. बारा तासांच्या पाळीनंतर तिथल्या नायिकेची फार तर एखादी बट कपाळावर आलेली असते. मला त्या वेळी बूट काढण्यापलीकडे कशाचीही ओढ नसते. तरीही मी वाचते, कारण ज्यांचे पुढे काय होईल हे सांगता येत नाही अशा माणसांजवळ रात्र काढल्यावर, शेवटाची हमी देणारे काहीतरी हातात असावेसे वाटते. एका कादंबरीत नायक मृत रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलून बाहेर येतो आणि नायिका एक शब्दही न बोलता त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवते. ते पान मी दोनदा वाचले. पुढच्याच प्रकरणात ती दोघे औषधांच्या खोलीत बराच वेळ एकांतात असतात. त्या खोलीत दर पाच मिनिटांनी कोणीतरी येते, हे लेखिकेला कोणी सांगितले नसावे.

मुद्रितशोधक

माझ्या कामात या कादंबऱ्या सतत येतात, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो. शत्रुत्वातून फुललेले प्रेम, लोकांसाठी केलेले खोटे नाते, मुक्कामाला गेल्यावर निघालेला एकच पलंग, ही 'ट्रोप' म्हणून ओळखली जाणारी सूत्रे मला खटकत नाहीत. वाचक ती मागूनच घेतो. खरा बदल निवेदनात झाला आहे. पूर्वीच्या बहुतेक प्रेमकथा नायिकेच्या नजरेतून सांगितल्या जात आणि नायकाच्या मनात काय आहे हे कोडे शेवटपर्यंत टिके. आता एक प्रकरण तिचे, एक त्याचे, तेही प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात, अशी रीत रूढ झाली आहे. त्याचे तिच्यावर प्रेम आहे, हे वाचकाला तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच कळते. मग 'तो प्रेम करतो का' हा प्रश्न उरत नाही. 'तो बोलत का नाही' हा उरतो, आणि त्याला सबळ कारण लागते. ते कारण ज्यांच्यापाशी नसते, ते लेखक अर्धवट ऐकलेल्या फोनचा आधार घेतात. माझी एक साधी कसोटी आहे : प्रकरणाच्या शीर्षकातले निवेदकाचे नाव बोटाने झाकून मजकूर वाचावा आणि बोलणारा कोण हे ओळखता येते का, ते पाहावे. बहुतेकदा येत नाही.

फक्त दोन ओळी

मी शेवटची दोन पाने आधी वाचतो आणि मग सुरुवात करतो. याची लाज वाटण्याचे वय उलटून गेले आहे.

ग्रंथपाल

वर दोन ओळी लिहिणाऱ्यांनी लाज वाटून घेऊ नये. जॅनिस रॅडवे यांचा 'रीडिंग द रोमान्स' हा अमेरिकी वाचक स्त्रियांवरचा अभ्यास १९८४ मध्ये आला. त्यातल्याही काही जणी शेवट आधी पाहून घेत. वाचत असताना घरच्यांची कामे थोडा वेळ आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, असे त्या सांगत. त्यांच्या लेखी पुस्तकातल्या मजकुराइतकेच हातात पुस्तक असण्यालाही महत्त्व होते.

आई आणि मुलगी, दोघींच्या वतीने आई

कॅथलीन वुडिविस यांच्या १९७२ च्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'पासून अमेरिकेत ऐतिहासिक प्रेमकथांची मोठी लाट आली. त्या कादंबरीत नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो आणि पुढे तोच तिचा प्रियकर ठरतो. तरुणपणी मी ती श्वास रोखून वाचली होती. मुलीने ती चाळीस पानांवर मिटली आणि मला विचारले, "तुला तेव्हा हे दिसलेच नाही?" दिसले होते, पण त्याला नाव देता आले नव्हते. तिच्या पिढीच्या कादंबऱ्यांत नायक आधी विचारतो, आणि त्या विचारण्यातही ओढ असते, हे मला तिच्या पुस्तकांमुळे कळले. मात्र त्या नायकांचे कोट्यधीश असणे तिला कसे चालते, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

घटस्फोटित वाचक

शेवटी भर गर्दीत मागितलेली जाहीर माफी आली की मी पुस्तक मिटतो. शंभर अनोळखी लोक टाळ्या वाजवायला उभे असताना 'नाही' म्हणणे किती अवघड असते, याचा विचार तो नायक करत नाही. मी स्वतः एकदा तशी माफी मागितली होती, म्हणून सांगतो.

उशिरा लिहिणारा

धाग्याच्या सुरुवातीला लिहिलेल्या एका वाक्याशी मी सहमत नाही. पन्नास शब्दांत सुटणारा गैरसमज सत्तर पाने चालणे खोटे वाटते, असा आपला आक्षेप आहे. गैरसमज लांबतो तो शब्द सापडत नाहीत म्हणून नव्हे, तर आधी कोणी बोलायचे यावर दोघेही अडून बसतात म्हणून. ते अडून बसणे आतून दाखवता आले नाही, तरच मी लेखिकेला दोष देईन. माझा आणि माझ्या भावाचा चार वर्षे अबोला होता. तो सुटला त्या दिवशी त्याने दारात उभ्याउभ्याच विचारले, "तू तेव्हा खरंच तसं म्हणाला होतास?" मी म्हणालो, "नाही." नंतर बराच वेळ आम्ही दोघेही दारातच उभे होतो.