डक्टमधल्या (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतल्या) ड्रेनेज लाइनचा आवाज कसा थांबवायचा?

प्रश्न (कोथरूड): सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये बेडरूमच्या भिंतीला लागून ११० मिमीची लाइन येतेय. फ्लश केल्यावर आवाज येऊ नये म्हणून आत्ताच काय करून घ्यावं?

उत्तर १: पाइप आयएस १३५९२ (पीव्हीसी ड्रेनेज पाइपचं भारतीय मानक) चा टाइप बी, म्हणजे सांडपाण्यासाठीचा, घ्या. टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी, भिंत पातळ. क्लॅम्प रबर लावलेलेच हवेत, उभ्या लाइनला दर २ मीटरच्या आत. स्लॅबमधून जाताना स्लीव्ह (पाइपपेक्षा मोठी बाहेरची नळी) घाला. पाइपभोवती सिमेंट दाबून भरलं की कंपन थेट स्लॅबमध्ये जातं, ही चूक सर्रास होते.

उत्तर २: खरा दणका तळाशी बसतो, उभी लाइन आडवी वळते तिथे. तिथे ९० अंशाचा एक एल्बो (वळणाचा जोड) नको. ४५ चे दोन, मध्ये छोटा तुकडा. रिंग जोडात (रबर रिंगवर बसणाऱ्या जोडात) पाइप पूर्ण बसवून खूण करा, मग १० मिमी मागे ओढा. ही फट नसली तर उन्हाळ्यात पाइप फुगून जोड सरकतो. रिंगला ऑइल, ग्रीस अजिबात नको, साबणी ल्युब्रिकंटच.

उत्तर ३: ट्रॅप (पाणी साचून वास अडवणारं वळण) गुडगुडत असेल तर व्हेंट, म्हणजे लाइनचा हवेचा पाइप, बघा. तो गच्चीच्या वर उघडाच हवा.