गावात, वस्तीत, सोसायटीत पुढाकार घेताना काय शिकलात? (अनुभव धागा)

धागाकर्ती
पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. पद हजारो जणींपर्यंत पोचलं. पण भर सभेत बोलणं, हिशेब वाचणं, विरोधकाला सोबत घेणं, नाही म्हणणं हे दोन दिवसांच्या वर्गात बसवता येत नाही, हे मी रोज पाहते. तुम्ही ते कुठे, कोणाकडून शिकलात? मोठं पद असायची गरज नाही. घडलेलं लिहा, उपदेश नको.

तेरणाकाठची
आईबद्दल लिहिते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आमचं गाव किल्लारीपासून लांब, त्यामुळे घरं उभी राहिली, पण भिंतींना तडे गेले. अशा गावांसाठी सरकारनं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना आणली. पैसे हप्त्यानं मिळायचे, काम घरमालकानं करून घ्यायचं. लोकांना योजना कळेना, अभियंत्याला गाव कळेना. मग स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' पुढे आल्या. आई त्यांतली एक, शिक्षण चौथी.

अभियंता आला की ती त्याच्या मागे फिरून विचारत राहायची. दगडमातीच्या जाड भिंतीचे आतले-बाहेरचे थर सांधणारे आडवे दगड नसले, तर थर सुटून भिंत कोसळते, हे तिला तिथं कळलं. मग घरोघरी भिंतीवर हात ठेवून ती तेच सांगायची. गवंडी म्हणायचे, "काकू, आता तुम्ही आम्हाला बांधकाम शिकवणार का?" तिनं वाद घातला नाही. गवंडी आणि अभियंता यांना एकाच भिंतीपुढं उभं केलं आणि स्वतः बाजूला झाली. कोणाचा हप्ता कशापायी अडला याची वही ठेवली. तालुक्याला एकटी कधी गेली नाही. दर खेपेला वेगळ्या दोघींना घेऊन जायची, साहेबांशी त्यांनाच बोलायला लावायची.

2001 मध्ये कच्छचा भूकंप झाल्यावर आमच्या भागातल्या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गेल्या. आमच्या गावातून दोघी गेल्या. आईनं स्वतःचं नाव दिलंच नाही. "मला येतंय, त्यांना येऊ दे," म्हणाली. त्या दोघींपैकी एक पुढं पंचायतीत निवडून आली.

रानजाई
मी आरक्षणातून सरपंच झाले. सुरुवातीला सह्या माझ्या आणि बोलणं दिरांचं. सभेत खुर्चीही त्यांचीच.

वळण मिळालं ते महिला सभेमुळं. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्याकडं ती कागदावरच व्हायची. मी ती अंगणवाडीत, संध्याकाळी, रानातून बायका परतल्यावर ठेवली. आधी कोणी बोलेना. मग मी विचारलं, पाण्याला दिवसातून किती खेपा होतात? तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. वस्तीवर नळच पोचलेला नव्हता. पुढाऱ्यांच्या मनात मात्र वेशीवरची कमान होती.

ग्रामसेवकांकडून मी गावाचा विकास आराखडा ओळीनं समजून घेतला होता. तेव्हा 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. दुसरी गोष्ट गणपूर्तीची. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी तितकी माणसं हवीत. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे नंतर दहा जणांत सगळं मंजूर. हे कळल्यावर मी बायकांना दारोदारी जाऊन सांगितलं, पहिल्याच सभेला या. त्या आल्या. दीर बोलायला उठले तेव्हा मी म्हणाले, "भाऊजी, तुम्ही बसा, हे मी सांगते." आवाज कापत होता, पण आकडे पाठ होते. पाइपलाइनचा ठराव झाला. दीर महिनाभर बोलले नाहीत, आता कागद माझ्याकडूनच समजून घेतात.

उपनगरकर
मुंबईत 1997 पासून महापालिकेची एएलएम (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) योजना आहे, गल्लीतल्या रहिवाशांनी परिसराची काळजी घ्यायची. आमच्या गटात ओला-सुका कचरा वेगळा करण्यावर नुसती भाषणं व्हायची. मी पहाटे सफाई कामगारांसोबत चाललो आणि त्यांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं, अडचण सॅनिटरी पॅड आणि काचेची आहे, ते कागदात गुंडाळून लाल खूण करून द्या. पुढच्या बैठकीला त्यांतल्या दोन दादांना बोलायला बोलावलं. रहिवासी माझं जेवढं ऐकत त्याहून जास्त त्यांचं ऐकतात.

सातपुडा
मी गटप्रवर्तक, वीसेक आशाताईंसोबत काम करते. आमच्या हातात अधिकार कमी, पायपीट जास्त. त्यामुळे हुकूम सोडून काही होत नाही.

आपल्या राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख, म्हणजे सेवा नीट मिळते का हे लोकांनीच तपासणं, 2007 मध्ये सुरू झाली. त्यातल्या जनसुनवाईत, म्हणजे साहेबांसमोर लोकांनी तक्रारी मांडायच्या सभेत, मी सगळ्यात जास्त शिकले. "दवाखान्यात काही मिळत नाही," असं रागानं म्हटलं की वरचे साहेब "बघतो" म्हणून सुटतात. म्हणून आम्ही पाड्यावर बसून तयारी करायचो. तारीख कोणती, औषध कोणतं, बाहेरची चिठ्ठी दिली का, पैसे किती गेले. एका तरुण आईनं हे सगळं आमच्याकडच्या पावरी बोलीत सांगितलं, मी फक्त मराठी केलं. तिच्यासाठी मीच बोलले असते तर लवकर आटोपलं असतं, पण पुढच्या वेळी ती आली नसती.

आणखी एक. सुनवाईच्या आधी मी डॉक्टरांना भेटून तक्रारी दाखवल्या. काही आशाताईंना ते पटलं नाही. पण औषधांची मागणी वरच अडकल्याचं डॉक्टरांनी कागदासह दाखवलं आणि सुनवाईत तेही लोकांच्या बाजूनं बोलले.

जुना मास्तर
वरचे अनुभव मोलाचे आहेत, पण एक बाजू राहते आहे. कधी भांडावं लागतं. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. आमच्या समितीनं शिक्षकाच्या रिकाम्या जागेसाठी अर्ज केले, पोच घेतली, स्मरणपत्रं दिली. काही हाललं नाही. शेवटी पालकांनी मुलांना नेऊन जिल्हा परिषदेच्या आवारात शाळा भरवली. शिक्षक मिळाला. समितीच्या अध्यक्षा शेतमजूर होत्या. अर्जांच्या प्रती त्यांच्याकडं तारखेनुसार लावलेल्या होत्या, म्हणून कोणाला त्यांना आततायी म्हणता आलं नाही.

सातपुडा
मास्तर, पटलं. आमच्याकडंही मोर्चा निघतो, पण आधीचे कागद असले तरच तो टिकतो.

वाचनवेडा
कोकणात 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सर्वांत लहान वर्गातलं, वाचनालय चालवतो. नव्या मुलांना आम्ही आधी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला देतो, कार्यक्रम नंतर. अनुदान कशावर खर्च होतं ते कळलं की ती मुलं कार्यकारिणीत प्रश्न विचारायला लागतात, आणि आम्हा जुन्यांना उत्तरं द्यावी लागतात.

नवी सदस्या
रानजाईताई, मी यंदाच निवडून आले आहे. महिला सभेत ठरलेलं ग्रामसभेत कोण मांडतं? आमच्याकडं ते वाचलंच जात नाही.

रानजाई
ताई, सभा संपायच्या आत बायकांसमोरच इतिवृत्त लिहून घ्या, सह्या-अंगठे तिथंच घ्या आणि प्रत तुमच्याजवळ ठेवा. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो विषय वरच्या क्रमांकावर घ्यायला ग्रामसेवकांना लेखी सांगा. शेवटी ठेवला तर बायका स्वयंपाकाला उठून जातात. आणि वाचायला एखादी धीट मुलगी निवडा, तुम्ही शेजारी बसा. अडलं तर इथंच विचारा.