गोमुखासाठी सहा दिवस पुरतील का?

सह्यवाट (प्रश्न)

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझे एकसष्ट वर्षांचे वडील गंगोत्री हिमनदीच्या मुखापर्यंत, म्हणजे गोमुखापर्यंत, जाण्याचा बेत करीत आहोत. पहिल्या दिवशी पुण्याहून विमानाने देहरादून आणि तिथून थेट उत्तरकाशी, दुसऱ्या दिवशी गंगोत्री, तिसऱ्या दिवशी भोजबासा, चौथ्या दिवशी गोमुख पाहून परत गंगोत्री, पाचव्या दिवशी देहरादून आणि सहाव्या दिवशी सकाळचे परतीचे विमान, अशी आखणी आहे. वडिलांनी जानेवारीतच राजगड ते तोरणा केला असल्यामुळे चालण्याची चिंता नाही. चिंता आहे ती बर्फावर पाय घसरण्याची. बुटांना लावायचे क्रॅम्पॉन विकत घ्यावेत की तिकडे भाड्याने मिळतात?

चुकलेला फकीर

क्रॅम्पॉनचा विचार सोडून द्या. गंगोत्री ते गोमुख ही अठरा किलोमीटरची वाट भागीरथीच्या काठाने जाते, शेवटचे चार किलोमीटर दगडगोट्यांतून आहेत आणि हिमनदीवर प्रत्यक्ष पाय ठेवण्याचा प्रसंगच येत नाही. मुखाचे बर्फ सुटून खाली कोसळते, म्हणून अगदी जवळ जायला वनखात्याची मनाई आहे, आणि ती पाळावी.

आपल्या आखणीत मला खटकले ते हे की सहाही दिवस एकमेकांना चिकटून आहेत. उत्तरकाशीहून गंगोत्रीला जाणारा रस्ता एकच, सुमारे शंभर किलोमीटरचा. तो बंद झाला की पर्यायी वाट नाही. ५ ऑगस्ट २०२५ रोजी याच रस्त्यावरच्या धराली गावावर लोंढा आला तेव्हा पलीकडे अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले, हे आपण बातम्यांत पाहिलेच असेल. इतके भयंकर काही न होताही माणूस अडकतो. मी स्वतः भटवाडीच्या अलीकडे एका दरडीपुढे एकोणीस तास जीपमध्ये बसून काढले. पुढच्या ट्रकचा चालक स्टोव्हवर चहा करून सगळ्यांना देत होता, आणि माझ्या खिशातल्या गोमुखाला जाण्याच्या परवान्याची तारीख तिथेच उलटून गेली. दिवसाला फक्त १५० जणांना परवाना मिळतो आणि तो त्या तारखेपुरताच असतो, त्यामुळे नवा परवाना मिळेपर्यंत गंगोत्रीत आणखी दोन मुक्काम पडले आणि परतीचे तिकीट पाण्यात गेले. किमान दोन दिवस मोकळे ठेवा. रोख रक्कमही बरोबर असू द्या, कारण मोबाइलला रेंज नसेल तर चहाचे पैसेसुद्धा चुकते करता येत नाहीत.

माळ्यावरचे बूट

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. माझी फजिती मात्र रस्त्याने नव्हे, बुटांनी केली. डोंबिवलीत चार वर्षे माळ्यावर ठेवलेले, दिसायला कोरे करकरीत ट्रेकिंगचे बूट मी घालून गेलो आणि गंगोत्री आणि भोजबासाच्या मधल्या चीरबासाच्या पुढे उजव्या बुटाचा तळवा टाचेकडून सुटला. अर्ध्या तासाने डाव्यानेही साथ सोडली. अशा बुटांच्या तळव्यात बहुधा पॉलियुरेथेनचा थर असतो. तो हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातो आणि बूट न वापरता ठेवले तरी त्याचा भुगा व्हायचा तो होतोच. पुढचे काही किलोमीटर मी नाडी आणि सुतळीने तळवे बांधून, दर पंधरा मिनिटांनी खाली बसून गाठी आवळत पार केले. वडिलांचे बूट जुने असतील तर निघण्यापूर्वी ते घालून एक पूर्ण दिवस सिंहगडावर चालवून पाहा.

दुसरे म्हणजे वाटेवरचे नाले सकाळीच ओलांडा. रात्री वरचे बर्फ गोठल्यामुळे पहाटे पाणी कमी असते, ऊन चढले की ते वाढत जाते, आणि सकाळी दगडांवरून ओलांडलेला नाला दुपारी परतताना मांडीपर्यंत असू शकतो. चीरबासा ते भोजबासा या टप्प्यात कड्यावरून दगड येतात. तिथे छायाचित्रांसाठी थांबू नये.

दम लागला

वडिलांविषयी थोडे. राजगडाचा सराव पायांना उपयोगी पडेल, पण विरळ हवेला नाही. देहरादून सुमारे ६५० मीटरवर, भोजबासा सुमारे ३,८०० मीटरवर, आणि आपण तिसऱ्याच रात्री तिथे झोपणार आहात. माझ्या मते वरील दोन मोकळ्या दिवसांपैकी एक चढतानाच, गंगोत्रीत, खर्च करावा. रात्री डोके दुखू लागले आणि मळमळले तर वर जाऊ नये. औषध बरोबर न्यायचे असल्यास डॉक्टरांना विचारूनच न्यावे.

सह्यवाट

सर्वांचे मनापासून आभार. आखणी आठ दिवसांची केली आहे, गंगोत्रीत दोन रात्री धरल्या आहेत आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा आहे. माळ्यावरून वडिलांचे बूट काढून अंगठ्याने तळवा दाबून पाहिला, तर कडेचा तुकडा हातात आला. बूट २०१७ चे आहेत. नवे घेतल्यावर निघण्यापूर्वी किती दिवस वापरावेत?

माळ्यावरचे बूट

निदान तीन आठवडे, रोज थोडे थोडे, आणि ट्रेकला घालणार तेच जाड मोजे घालून. जुने फेकण्यापूर्वी त्यांच्या नाड्या मात्र काढून पिशवीत ठेवा.