आजीचा साज मोडायचा की गाठवून लग्नात घालायचा?

गडहिंग्लजची_लेक

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझं लग्न आहे. माहेर गडहिंग्लज, नोकरी पुण्यात, सासर कुडाळचं. दागिन्यांवरून घरात रोज बोलणी चालली आहेत आणि मला खरंच जाणत्या माणसांचा सल्ला हवा आहे.

माझ्या आजीचा कोल्हापुरी साज आईकडे आहे. आजी 4 वर्षांपूर्वी गेली. साज मुळात सोन्याच्या तारेतला होता, तार तुटल्यावर आजीने तो लाल दोऱ्यात ओवून घेतला. आता तो दोराही काळा पडून विरला आहे. पानांच्या मधले दोन जवमणी, म्हणजे जवाच्या दाण्यासारखे लांबट मणी, चेपलेत. मी पानड्या, म्हणजे साजातली नक्षीची पानं, मोजल्या तर 20 भरल्या, आणि आई म्हणते साज 21 पानांचा होता. आईचं मत असं की एवढा जुनाट दागिना आजकाल कोण घालतं, मोडू आणि त्यात भर घालून एक भरगच्च नवीन सेट घेऊ, फोटोत उठून दिसेल. आमच्या सोनाराने वजन केलं, 38 ग्रॅम भरलं. पण मोडीत किती धरणार विचारलं तर म्हणाला, "आत लाख आहे, वितळवल्याशिवाय सांगता येणार नाही."

मला साज हवा आहे. आजी पंचमीला, लग्नाकार्याला तो घालायची आणि मी मांडीवर बसून एकेक पान बोटात धरून "हे काय?" विचारायची. मासा, कासव, चंद्र एवढं आठवतं. बाकीची नावं तिच्याबरोबर गेली.

दुसरं, नथ. सासूबाई त्यांच्या घरातली मोत्यांची नथ मला घालणार आहेत. माझं नाक टोचलेलं नाही. आत्ता टोचून घेऊ का? की नथीचा आकडा कापून चाप बसवून घ्यायचा?

तिसरं, चुडा. आई म्हणते मेटलच्या हिरव्या बांगड्या घे, फुटायची भीती नाही, ऑफिसलाही चालतील. काचेच्याच का भरतात हे मला नीट कोणी सांगितलेलं नाही.

गाठवणारी_काकू

बाळ, आधी तो साज सोनाराच्या दुकानातून घरी आण आणि मऊ सुती कापडात ठेव. मग पुढचं वाच.

मी कोल्हापुरात गुजरीजवळ, म्हणजे सराफांच्या पेठेजवळ, राहते. सासूबाईंच्या हाताखाली दागिने गाठवायला, म्हणजे मणी-पानं दोऱ्यात ओवून बांधायला, शिकले, आज 31 वर्षं झाली. ठुशी, पुतळ्यांची माळ, चिंचपेटी, तन्मणी, सगळं हातातून जातं. साज मोडायला निघालेल्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. प्रत्येकीला सांगते तेच तुला सांगते.

साजाची पानडी म्हणजे भरीव सोनं नव्हे. पातळ पत्रा ठशावर ठोकून आकार काढतात आणि आतली पोकळी लाखेने भरतात. जवमणीही तसेच. म्हणून दागिना अंगावर भरलेला दिसतो आणि सोनं मात्र कमी लागतं. बायकांना परवडावं म्हणून कारागिरांनी काढलेली ही युक्ती आहे. आगीत टाकलास की लाख जळून जाते, घडणावळीचा पैसा बुडतो आणि 38 ग्रॅमच्या दागिन्यातून हातात काय राहतं ते बघून आईलाच वाईट वाटेल. तो ठसा, ते नखाएवढं कासव, ते पुन्हा तसं होत नाही. आज बाजारात साज मिळतात, चांगलेही असतात, पण हाताने ठोकलेल्या जुन्या पानाच्या कडेला जी किंचित असमानता असते ती यंत्राच्या पानात नसते. बोट फिरवलं की कळतं.

आता पानांविषयी. आमच्या सासूबाई मोजून दाखवायच्या: 10 पानं विष्णूच्या दहा अवतारांची, 8 अष्टमंगलाची, म्हणजे आठ शुभचिन्हांची, एक लाल खडा, एक हिरवा, म्हणजे माणिक आणि पाचू, आणि मधोमध ताईत. झाली 21. पण प्रत्येक साजात तीच पानं त्याच क्रमाने असतील असं नाही, घडवणाऱ्याप्रमाणे आणि घराप्रमाणे फरक पडतो. मासा, कासव, चंद्र तुला आठवतात. बाकीच्यांत शंख, नाग, बेलपान, कमळ, भुंगा, वाघनख, मोर, कारलं शोध. उन्हात नको, खिडकीशी उजेडात बस. कारलं ओळखायला सोपं, लांबट आणि अंगावर बारीक पुळ्या. भुंगा बऱ्याचदा मुली माशी समजतात. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव आणि एका बाजूने क्रमाने लिहून काढ. दोरा सोडला की क्रम गेलाच म्हणून समज. मी स्वतः आधी कागदावर ओळीने मांडते, मगच कात्री लावते.

गाठवताना काय सांगायचं ते ऐक. रेशमी दोरा, दुहेरी. नायलॉन टिकतो पण मानेला घासतो आणि त्याची गाठ सुटते. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना जवमणी सारखे बसले पाहिजेत, नाहीतर पानं उलटी फिरतात आणि नवरीचा अर्धा दिवस ती सरळ करण्यात जातो. मागे गोंडा घाल, म्हणजे लांबी कमीजास्त करता येते. गळ्याशी ठुशी घालणार असशील तर साज तिच्याखाली चार बोटं उतरला पाहिजे. माप घ्यायला ब्लाऊज घालूनच जा, टी-शर्टवर माप फसतं.

चेपलेले मणी उकळत्या पाण्यात टाकून फुगवायला कोणी सांगेल, ऐकू नकोस. लाख उष्णतेने मऊ होते आणि दागिना आतून खचतो. धुवायचाच झाला तर ओल्या फडक्याने पूस. अत्तर आधी, साज नंतर.

राहिलं हरवलेलं पान. कोणतं नाही ते आधी शोध, मग तेवढं एक नवं घडवून घे. एका पानाला फार सोनं लागत नाही. नवीन काही विकत घेणार असशील तर हॉलमार्कबरोबर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, बघ, 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय दुकानदाराला दागिना विकता येत नाही. 2 ग्रॅमच्या आतल्या वस्तूला मात्र ती सक्ती नाही, त्यामुळे एकट्या पानडीवर शिक्का नसला तर घाबरू नकोस. आपला जुना साज बिनशिक्क्याचा असला तरी अंगावर घालायला काही आडकाठी नाही.

नथीचं थोडक्यात. दीड महिन्यावर लग्न आलेलं असताना नाक टोचू नकोस, जखम पुरती भरायला काही महिने जातात आणि जड नथ त्या ओल्या भोकात घातलीस तर रडशील. सासूबाईंच्या नथीचा आकडा तर मुळीच कापू नकोस. ती त्यांच्या घरची आहे, तुझ्यानंतर कोणाला तरी टोचलेल्या नाकात घालायची असेल. आकड्याला न कापता वेगळा चाप जोडून देणारे सोनार आहेत. ती आधी घरी अर्धा तास घालून जेवून बघ. नथ उचलून घास घ्यायची सवय हाताला लागते, आमच्या आया तशाच जेवायच्या.

काकणं_मिरजेची

मी कासाराची मुलगी, त्यामुळे चुड्याचं मी सांगते.

मेटलच्या बांगड्या रोज घाल, काही हरकत नाही. पण चुडा काचेचा. हिरवा रंग पिकाचा, सुगीचा, पोटी फळ धरण्याचा, हे सगळे सांगतातच. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की काच जपावी लागते. चुडा भरल्यापासून नवरीला कोणी काम सांगत नाही, पाणी आणायला उठवत नाही, कारण तिच्या हातात काच आहे. आमचे वडील म्हणायचे, चुडा म्हणजे त्या पोरीची चार दिवसांची रजा. आणि फुटली तर "फुटली" म्हणायचं नाही, "वाढली" म्हणायचं.

वडील लग्नघरी जायचे तेव्हा खांद्यावर बांगड्यांच्या माळा. आधी देवापुढे बांगड्या ठेवायच्या, मग नवरीला, मग मांडवातल्या सगळ्या बायकांना. ते हात असा धरायचे: अंगठा तळव्यात दुमडून, चार बोटं जवळ घेऊन, हाताची होडी करून. मग अंगठ्याच्या मुळाशी जे हाड आहे तिथे हलकेच दाबत बांगडी गोल फिरवत पुढे. साबण नाही, तेल नाही. मुलगी खांदा ताठ करते तिथे बांगडी अडते, म्हणून ते तिला मुद्दाम तिच्या शाळेचं, मैत्रिणींचं विचारत राहायचे. बोलता बोलता हात सैल पडतो. मी अजून तसंच करते.

माप: टिंबापुढचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो, म्हणून 2.4 म्हणजे सव्वादोन इंच, 2.8 म्हणजे अडीच. मधलं 2.6. ऑनलाइन मागवताना मुली 2.4 ला दोन पूर्णांक चार दशांश समजतात आणि मग एकही चढत नाही. काच हाडावरून जरा कष्टाने गेली पाहिजे, मनगटावर सैल झुलली की एकमेकींवर आपटून वाढते. माप सकाळी घेऊ नकोस, दिवसभराच्या धावपळीने हात किंचित सुजतो, लग्नाच्या दिवशी तर हमखास. संध्याकाळी घे.

संख्या घराप्रमाणे बदलते, विषम असावी एवढं बहुतेक ठिकाणी पाळतात. तुझ्या आईला आणि कुडाळच्या सासूबाईंना दोघींना विचार, आणि पाटल्या, तोडे घालणार असशील तर त्यांची जागा सोडून मगच बांगड्या मोज. टिकल्या लावलेल्या, चमकी उडवलेल्या घेऊ नकोस, शालूचे धागे ओढतात. साधी, गडद हिरवी, उजेडात धरली की पलीकडचं दिसणारी काच घे.

अबोली

मी सावंतवाडीची, कुडाळ म्हणजे आमचं शेजार. सासूबाई एक गोष्ट नक्की विचारतील, केसांत काय माळणार. आमच्याकडे सुरंगीच्या वळेसराचं, म्हणजे गजऱ्याचं, फार कौतुक, पण सुरंगी फुलते ती शिमग्याच्या सुमारास, डिसेंबरात मिळायची नाही. तेव्हा अबोलीची वेणी सांगून ठेवा. कागदाच्या फुलांची घेऊ नका. खोप्यावर ताज्या अबोलीचा तो केशरी रंग हिरव्या चुड्याशेजारी किती शोभतो हे पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

आणि मुंडावळ्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मोत्यांच्या जड मुंडावळ्या तासाभरात कपाळावर वळ उठवतात. हलक्या घ्या आणि बांधताना कानाच्या वरून मागे न्या, कानावरून नेल्यात तर कुड्यांत अडकतात. आमच्या लेकीचं अगदी अंतरपाटाच्या वेळी तसं झालं, मामाने सोडवलं.

गडहिंग्लजची_लेक

तिघींचे किती आभार मानू. सगळं आईला वाचून दाखवलं. लाखेचं ऐकून आई आधी गप्प बसली. मग स्वतःच डबी काढली आणि आम्ही दोघी खिडकीशी बसलो. दोन तास गेले. काकू, भुंग्याला मीही माशीच समजले होते!

सगळी पानं कागदावर मांडल्यावर कळलं, कारलं नाही. आईला तेव्हा आठवलं. माझा मामा लहान असताना आजीच्या गळ्यातला साज ओढायचा, त्यात ते पान निखळलं होतं. आजीने ते वेगळं जपून ठेवलं आणि घर बदलताना ते हरवलं. तिने पुढे कधी नवीन केलं नाही. आईने माळा, पेटी, देवघराचा खण सगळं पालथं घातलं, मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने तिची एक मोडकी कुडी माझ्या हातात दिली. जोडीतली दुसरी केव्हाच हरवली आहे. म्हणाली, हिचं कारलं करून घे. साज मोडायला निघालेली आई ती हीच. मला तिला काही बोलताही आलं नाही.

कोल्हापुरात जाऊन करून आणलं. गाठवतानाही मी समोर बसून होते, दुहेरी रेशीम, लाल गोंडा. नवं पान बाकीच्या वीस पानांत वेगळं ओळखू येतं, फार पिवळं आहे. त्याच्या कडा अजून बोटाला टोचतात. बाकीच्यांच्या कडा आजीच्या गळ्यावर घासून गुळगुळीत झाल्या आहेत. सोनार म्हणाला जुन्यांना पॉलिश मारून सगळी एकसारखी करून देतो. मी नको म्हटलं.

नथीला न कापता चाप जोडून झाला, सासूबाईंना विचारूनच. त्यांनी फोनवर पहिलं काय विचारलं असेल तर वेणीचं! अबोली सांगितली आहे. चुडा काचेचा, 2.6, संध्याकाळी माप घेतलं.

मिरजेच्या ताई, एकच राहिलं. तुम्ही चुडा भरायला गडहिंग्लजला येता का? आई विचारते आहे. तारीख आणि पत्ता निरोपात कळवते.

काकणं_मिरजेची

येते की. हळदीच्या आदल्या संध्याकाळी येईन. मांडवातल्या बायका साधारण किती आणि लहान मुली किती ते आधी कळवा, मुलींच्या मापाच्या वेगळ्या आणाव्या लागतात. देवापुढे ठेवायला तांदूळ आणि नारळ तेवढा तयार ठेवा.