म्हणे टाळेबंदीत मानसोपचार फोनवर निभावला!

रात्रपाळी: काल इथे मुलुंडकरांनी लिहिलं की टाळेबंदीने सिद्ध केलं, मानसोपचाराला खाटा लागत नाहीत, फोन पुरतो आणि आता तर १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन आहेच. डोकं फिरलं वाचून. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी टोकाचा उन्माद, कधी खोल उदासी. मे २०२० मध्ये मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देईना, त्याच्या लिथियमच्या गोळीची रक्तातली पातळी तपासणारी लॅब बंद. आधी झोप गेली, मग एका रात्री स्वारी कोयता घेऊन गच्चीवर. त्याच्या मते वेडे आम्ही. असा माणूस हेल्पलाइनला फोन लावतो का हो? अँब्युलन्सवाले म्हणाले पोलिसांना कळवा, पोलीस म्हणाले बंदोबस्तात आहोत, रुग्णालय म्हणालं आधी आरटीपीसीआर आणा. त्या अवस्थेत त्याच्या नाकात काडी कोणी घालायची, ते मात्र कोणी बोललं नाही.

आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९४ काय सांगतं? तातडीच्या वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाची वाट बघायची गरज नाही.

मुलुंडकर: भावाचं वाईट वाटलं. पण एका कोयत्यावरून धोरण ठरवू नका. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोनवरून तपासून औषध द्यायचे, नियम आले म्हणून माझ्या आईच्या डिप्रेशनच्या गोळ्या एक दिवस चुकल्या नाहीत. तुम्हाला खाटा हव्यात ना? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीची मनोरुग्णालयं बघा. बरे झालेले लोकही तिथे पडून आहेत, कारण घरचे न्यायला येत नाहीत. अजून कोंडायचेत?

वऱ्हाडी ठेचा: तुमचं चालू द्या, पण दारूचं कोणी बोलत नाही! रातोरात दुकानं बंद केली. दारू एकदम तुटली आणि आमच्या काकांना तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, हातपाय लटलट. गावात डॉक्टर नाही, रस्त्यावर नाकाबंदी. आणि एप्रिल २०२१ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वणीला सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. ती मानसोपचाराची इमर्जन्सी नव्हती?

मुलुंडकर: म्हणजे वाइन शॉप अत्यावश्यक सेवा? वा!

वऱ्हाडी ठेचा: पुण्यामुंबईत बसून टोमणे मारणं सोपं आहे बाप्पा. केरळने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं ठरवलं होतंच की.

निवृत्त सिस्टर: आणि ते हायकोर्टाने थांबवलं, तेही सांगा. दारू नको होती, दारू तुटल्यावरचे झटके आवरणारं लोराझेपाम आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) हवं होतं. दोन्ही औषधं जुनीपुराणी, तालुक्याला ठेवता आली असती. पण व्यसनी माणूस कॅज्युअल्टीत आला की "उतरल्यावर आणा". अहो, दारू उतरतानाच तर मरतो तो.

वऱ्हाडी ठेचा: सिस्टर, हेच तर बोंबलतोय मी! नैतिकतेचे डोस पाजणाऱ्यांना सांगा.

मुलुंडकर: माझे वडील दारूने गेले. डोस मला नका पाजू.

रात्रपाळी: दारूचा वेगळा धागा काढा रे. टाळेबंदी उठली म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदीत राज्यातल्या आत्महत्या २०२० मध्ये १९,९०९, २०२१ मध्ये २२,२०७.

मुलुंडकर: त्या आकड्यांवरून हेल्पलाइन नापास ठरत नाही की खाटा पास होत नाहीत. शिवाय तेव्हा टेलिमानस होतंच कुठे? ते ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. असो. कोयतावाल्याला फोन पुरत नाही, मान्य. झालं समाधान? पण तुमच्या कलम ९४ ने तरी त्या रात्री काय केलं?

रात्रपाळी: काही नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरला ते माहीतच नव्हतं. शेवटी मामांनी टेम्पो काढला, चौघांनी धरून नेलं. भाऊ अजून त्या मामांशी बोलत नाही.

निवृत्त सिस्टर: कलम तोंडी सांगून कोणी हलत नाही. नकाराचं कारण केसपेपरवर सहीनिशी लिहून मागायचं. नाव लिहायची वेळ आली की खाट सापडते, मी पाहिलंय.

मुलुंडकर: आणि नाहीच सापडली तर?

निवृत्त सिस्टर: तर कॅज्युअल्टीतच स्ट्रेचरवर ठेवून इंजेक्शन द्यायचं. आम्ही द्यायचो.